आकाशाच्या फोटोला रंग येतो कुठून?

दिवाळी आली की एक फोटो हमखास फिरू लागतो. काळ्या पार्श्वभूमीवर भारत, त्यावर पांढरे, निळे, हिरवे, लाल दिवे, आणि सोबत ओळ: ‘दिवाळीच्या रात्री अवकाशातून भारत असा दिसतो.’ चित्र बनावट नाही, ओळ चुकीची आहे. अमेरिकेच्या हवामान उपग्रहांनी रात्रीच्या दिव्यांच्या ज्या नोंदी वर्षानुवर्षं घेतल्या, त्या एकावर एक ठेवून ‘नोआ’ या सरकारी संस्थेतले शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी ते २००३ साली तयार केलं. त्यातले रंग फटाक्यांचे किंवा आकाशकंदिलांचे नाहीत, ते सालांचे आहेत. १९९२ च्या आधीपासून दिसणारे दिवे पांढरे, १९९२ मध्ये नव्याने दिसलेले निळे, १९९८ मधले हिरवे, २००३ मधले लाल. शहरं कशी पसरत गेली हे एका नजरेत कळावं, एवढाच हेतू. २०१२ च्या दिवाळीत नासाने त्या दिवसांतला खरा रात्रीचा फोटो प्रसिद्ध केला, तेव्हा सणाच्या रोषणाईने वाढलेला उजेड वरून जाणवण्याइतकाही नव्हता.

म्हणजे घोटाळा रंगात नव्हता. रंगांची सूची चित्रापासून सुटली होती. अवकाशातल्या जवळजवळ प्रत्येक चित्राचं मर्म या सूचीत असतं, आणि ती कोण ठरवतं, कशी ठरवतं हे कळलं की ‘नासाचे फोटो खरे की फोटोशॉप?’ हा प्रश्नच बदलून जातो.

शाळेच्या भूगोलातला प्राकृतिक नकाशा आठवा. सखल भाग हिरवा, पठार पिवळं, डोंगर तपकिरी. श्रावणात सह्याद्री हिरवागार असला तरी नकाशात तो तपकिरीच असतो, आणि म्हणून नकाशाला कोणी खोटा म्हणत नाही. तिथे रंग म्हणजे उंची हे कोपऱ्यातल्या सूचीत लिहिलेलं असतं. दुर्बिणीच्या चित्रातही रंग हे असंच नेमून दिलेलं काम करतो. फरक एवढाच, की नकाशाचे रंग ठरून गेलेले आहेत आणि आकाशाच्या चित्रात ते दर वेळी नव्याने ठरवावे लागतात. इथे चित्रकाराची नजर लागते.

कॅमेऱ्याला रंग दिसत नाही

दुर्बिणीच्या कॅमेऱ्यातली चिप फक्त मोजते. प्रत्येक पिक्सेलवर किती प्रकाश पडला, त्याचा एक आकडा. रंग कळावा म्हणून समोर फिल्टर लावतात: आधी लाल प्रकाश सोडणारा, मग हिरवा, मग निळा. दर वेळी मिळतो तो काळा-पांढरा फोटोच. नंतर हे तीन फोटो एकमेकांवर ठेवून रंगीत चित्र जुळवतात.

मोबाइलच्या कॅमेऱ्यातही मुळात हेच घडतं, फक्त एका क्षणात. तिथे प्रत्येक पिक्सेलवर स्वतःचा चिमुकला फिल्टर असतो. निम्म्या पिक्सेलांवर हिरवा, पाव पिक्सेलांवर लाल, पाव पिक्सेलांवर निळा. उरलेले रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरतात. मंगळयानावरचा रंगीत कॅमेरा याच पद्धतीचा, २०४८ बाय २०४८ पिक्सेलचा होता. एका क्लिकमध्ये रंगीत मंगळ मिळतो, हा त्याचा मोठा फायदा. पण अंधुक तेजोमेघाचा, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगाचा, प्रकाश कणाकणाने गोळा करायचा असेल, तर तीन-चतुर्थांश पिक्सेल एखाद्या रंगाला आंधळे ठेवणं परवडत नाही. म्हणून हबल या अवकाश दुर्बिणीच्या सध्याच्या मुख्य कॅमेऱ्यात सगळी चिप एका वेळी एकाच फिल्टरमागे काम करते, आणि त्यात असे साठाहून जास्त फिल्टर आहेत.

आकड्यांतून चित्र होतं म्हणजे काय, हे सर्वांत उघडपणे दिसलं ते जुलै १९६५ मध्ये. मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेलं आणि त्याने तिथले पहिले जवळचे फोटो पाठवायला सुरुवात केली. एक फोटो २०० ओळींचा, प्रत्येक ओळीत २०० ठिपके, प्रत्येक ठिपका ० ते ६३ मधला एक आकडा, म्हणजे ६ बिट. गुणाकार केला तर २,४०,००० बिट. यानाचा माहिती पाठवण्याचा वेग सेकंदाला सव्वाआठ बिटांच्या आसपास. एका फोटोला आठ तास! कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत संगणकाने चित्र जुळवण्याआधी, यानावरचा टेपरेकॉर्डर नीट चालला का हे पाहण्याची घाई होती. रिचर्ड ग्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे कागदी पट्ट्यांवर छापून घेतले, पट्ट्या शेजारी शेजारी फळीवर स्टेपल केल्या, आणि चित्रकलेच्या दुकानातून आणलेले पेस्टल खडू घेऊन आकड्यांच्या गटांना रंग भरत गेले. ठिपक्यांची रांगोळी भरावी तसं. पिवळा, तांबडा, तपकिरी ही रांग त्यांनी निवडली, कारण उजळ ते गडद हा चढ त्यात स्वच्छ दिसत होता. मंगळाचा तांबूसपणा यानाने पाठवलाच नव्हता, तो त्या निवडीत योगायोगाने आला. टीव्हीवर लोकांनी आधी हे खडूने रंगवलेलं चित्र पाहिलं. त्या फळीवर प्रत्येक रंगाखाली त्याचा आकडा वाचता येत होता, आणि इतकी प्रामाणिक सूची नंतरच्या चित्रांत क्वचितच सापडते.

खांब सोनेरी का आहेत

आता सगळ्यांच्या ओळखीचं चित्र घेऊ: ‘पिलर्स ऑफ क्रिएशन’. गरुड तेजोमेघातले, म्हणजे एम १६ मधले, धूळ आणि वायूचे तीन खांब. अंतर सुमारे ६,५०० प्रकाशवर्षं, सर्वांत उंच खांब चार-पाच प्रकाशवर्षांचा. जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी १ एप्रिल १९९५ रोजी हबलने हे फोटो घेतले आणि नोव्हेंबरमध्ये चित्र जगासमोर आलं.

यासाठी वापरलेले तिन्ही फिल्टर अरुंद होते. प्रत्येक फिल्टर एका विशिष्ट वायूचाच प्रकाश आत सोडतो. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन ५०१ नॅनोमीटर तरंगलांबीवर चमकतो, हायड्रोजन ६५६ वर, आणि एक इलेक्ट्रॉन गमावलेलं गंधक ६७२-६७३ च्या आसपास. डोळ्याच्या हिशेबाने ऑक्सिजनचा रंग निळसर हिरवा. हायड्रोजन लाल. गंधकही लालच.

अडचण इथेच आहे. हायड्रोजन आणि गंधक यांच्यात जेमतेम १६-१७ नॅनोमीटरचं अंतर. ‘खऱ्या’ रंगात छापलं तर दोन्ही लालात लाल मिसळून जाणार, आणि कोणता वायू कुठे आहे हे कळावं म्हणून घेतलेली सगळी मेहनत वाया. मग उपाय असा की क्रम मोडायचा नाही, फक्त अंतर वाढवायचं. सर्वांत आखूड तरंगलांबीला निळा, मधलीला हिरवा, सर्वांत लांब तरंगलांबीला लाल. ऑक्सिजन निळा, हायड्रोजन हिरवा, गंधक लाल. हौशी खगोल-छायाचित्रकार आजही यालाच ‘हबल पॅलेट’ म्हणतात.

हे समजलं की चित्र वाचता येतं. खांबांच्या कडा सोनेरी दिसतात, कारण तिथे गंधक आणि हायड्रोजन दोन्ही जोरात आहेत, आणि प्रकाशात लाल अधिक हिरवा म्हणजे पिवळा. ऑक्सिजनचे दोन इलेक्ट्रॉन उडवायला भरपूर ऊर्जा लागते, म्हणून निळसर धुकं खांबांच्या बाहेर, तप्त ताऱ्यांच्या अतिनील माऱ्यात असलेल्या जागेत पसरलेलं आहे. गंधकाला त्या मानाने कमी ऊर्जा पुरते, म्हणून ते खांबाच्या पृष्ठभागाला बिलगून असतं, जिथे तो मारा घट्ट वायूवर येऊन थबकतो. म्हणजे सोनेरी कड ही सजावट नाही. खांब नेमका कुठे झिजतोय, त्याची ती रेषा आहे.

‘पण तिथे जाऊन पाहिलं तर कसं दिसेल?’ हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि उत्तर थोडं निराश करणारं आहे. जवळ गेल्याने तेजोमेघ मोठा दिसतो, उजळ होत नाही. प्रकाश वाढतो तसा तो पसरतोही, त्यामुळे प्रत्येक चौरस अंशावरचा उजेड तेवढाच राहतो. इतक्या मंद उजेडात आपला डोळा रंग ओळखणाऱ्या पेशी बाजूला ठेवून फक्त उजेड-अंधार कळणाऱ्या पेशींवर चालतो, आणि त्यांना हायड्रोजनचा गडद लाल जवळजवळ दिसतच नाही. खिडकीबाहेर राखाडी धुक्यासारखं काही असेल किंवा तेही नसेल. ‘खरा रंग’ ही कसोटी दिवसाउजेडातल्या वस्तूंसाठी ठीक आहे. तेजोमेघाला ती लावण्यात अर्थ नाही.

चित्र स्वतः जुळवायचं असेल तर

हबलचा आणि वेब या नव्या अवकाश दुर्बिणीचा कच्चा डेटा साधारण वर्षभरात सर्वांसाठी खुला होतो. बाल्टिमोरच्या ‘मास्ट’ या संग्रहातून तो फुकट उतरवता येतो. एम १६ शोधा, कॅमेरा डब्ल्यूएफसी ३ निवडा, आणि २०१४ च्या निरीक्षणांतले एफ ५०२ एन (ऑक्सिजन), एफ ६५७ एन (हायड्रोजन) आणि एफ ६७३ एन (गंधक) हे तीन फिल्टर घ्या. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘डीआरसी’ असेल ती घ्यायची. त्यात अनेक एक्सपोजर जुळवून, कॅमेऱ्यामुळे चित्रात येणारा वाकडेपणा काढून टाकलेला असतो. एकेक फाइल शे-दोनशे एमबीची, ‘फिट्स’ या प्रकारातली. फिट्स लिबरेटर, सिरिल आणि गिंप हे तिन्ही प्रोग्रॅम मोफत आहेत.

फाइल उघडल्यावर पहिला धक्का बसतो: स्क्रीन काळी, मधे चार-दोन पांढरे ठिपके. डेटा बिघडलेला नसतो. दुर्बिणीच्या कॅमेऱ्यात ६५,५३६ पायऱ्या असतात, स्क्रीनवर प्रत्येक रंगाच्या फक्त २५६. सरळ भागाकार केला तर २५६ वेगवेगळे आकडे मिळून स्क्रीनवरची एक छटा. समजा तेजोमेघाचं सगळं नक्षीकाम २०० ते १,२०० या आकड्यांत आहे, तर त्याच्या वाट्याला आल्या चार-पाच छटा, त्याही काळ्याशेजारच्या. उरलेल्या अडीचशे छटा मूठभर ताऱ्यांनी अडवलेल्या.

म्हणून आकडे ताणावे लागतात. मंद भागाला जास्त छटा द्यायच्या, तेजस्वी भागाला कमी. गणितात हे लॉगॅरिदमने किंवा ‘एसिंच’ नावाच्या वक्राने करतात. नवख्याने एसिंच घ्यावा. पार्श्वभूमी वजा केल्यावर काही पिक्सेल शून्याच्या खाली जातात, आणि ऋण आकड्याचा लॉग निघत नाही, त्यामुळे चित्रात काळे कण उठतात. एसिंचला ऋण आकडे चालतात.

पण किती ताणायचं? याचं सूत्र कुठे लिहिलेलं नाही, हे डोळ्याने ठरवायचं काम आहे. कमी ताणलं तर खांब अंधारात राहतात. जास्त ताणलं तर पार्श्वभूमी राखाडी होते, रवाळ दाणे वर येतात आणि तारे फुगतात. एक उपयोगी सवय अशी: आकाशाचा सर्वांत रिकामा भाग ठार काळा करू नका, ० ते २५५ मध्ये तो १५-२० च्या आसपास ठेवा. शून्यावर दाबलात तर खांबांभोवतीचा विरळ वायू कापला जातो आणि धारदार कात्रीने कातरल्यासारखी कड दिसते. आणि ताणलेली फाइल १६ बिटमध्येच जतन करा. ८ बिटमध्ये उतरवून मग पुन्हा ताणलंत, तर गुळगुळीत छायेच्या जागी पायऱ्या पडतात आणि त्या परत भरून येत नाहीत.

तिन्ही फोटो गिंपमध्ये वेगवेगळ्या लेयरवर घ्या. प्रत्येक लेयरला त्याचा रंग द्या (रंगाचा आकडा, म्हणजे ह्यू: गंधकाला ०, हायड्रोजनला १२०, ऑक्सिजनला २४०), आणि लेयरची पद्धत ‘स्क्रीन’ ठेवा म्हणजे प्रकाशासारखी बेरीज होते. आता तारे जुळतात का ते दोनशे टक्के मोठं करून पाहा. एका पिक्सेलचा सरक असला तरी प्रत्येक ताऱ्याला एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने निळी कड येते. मध्यभागी जुळतंय आणि कोपऱ्यात नाही, असं झालं तर सरक नसून फिरकी आहे. लेयर किंचित फिरवावा लागेल.

यानंतर बहुतेकांचं चित्र हिरवंगार निघतं. चूक तुमची नसते. हायड्रोजनचा प्रकाश ऑक्सिजन आणि गंधकापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि त्यालाच आपण हिरवा दिलाय. म्हणून हिरवा लेयर कमी ताणायचा, लाल-निळे जास्त. हिरवा ओसरला की सोनेरी आणि निळा उमटतात. पण यातून दुसरं दुखणं उभं राहतं: तारे जांभळट-गुलाबी होतात. ताऱ्यांचा प्रकाश तिन्ही फिल्टरमधून जवळपास सारखाच येतो, आपण लाल-निळे वाढवले की ताऱ्यातला हिरवा कमी पडतो. यावर एक छान युक्ती आहे. चित्राचे रंग उलटे करा, म्हणजे गुलाबी तारे हिरवे होतील. फक्त हिरव्याची तीव्रता उतरवा आणि चित्र पुन्हा उलटं करा. तारे पांढरे होतात, सोनं जागच्या जागी राहतं.

मग साफसफाई, आणि इथे हात राखून काम करायला हवं. अवकाशात वैश्विक किरणांचे कण चिपवर सतत आदळतात आणि छोटे ठिपके, ओरखडे सोडतात. एकाच जागेचे अनेक एक्सपोजर ताडून बहुतेक काढलेले असतात, काही उरतात. ओळखायची खूण सोपी: जो ठिपका फक्त निखळ निळा किंवा निखळ लाल आहे आणि ज्याला ताऱ्यासारखी मऊ कड नाही, तो एकाच फिल्टरमध्ये आलेला असतो. तो पुसायला हरकत नाही. पण लाल, हिरवी, निळी अशी तीन छोटी रेघोटी एका ओळीत दिसली तर थांबा. तीन फिल्टर लागोपाठ लावले जात असताना सरकत गेलेला तो लघुग्रह असू शकतो. ती रेघ पुसली तर खरी वस्तू पुसली जाते.

या कामातला साधा दंडक असा: जे संपूर्ण चित्राला सारखं लागू होतं ते चालतं, जे ब्रशने एकाच जागी केलं जातं त्याला कारण हवं. किरणांचा डाग, दोन चिपांमधली फट, अतितेजस्वी ताऱ्याचा भाजलेला गाभा ही कारणं झाली. वेबच्या डेटात असे गाभे चक्क काळे येतात, कारण मोजमाप हाताबाहेर गेलेले पिक्सेल रिकामे सोडलेले असतात. शेजारच्या उजेडावरून ते भरून घेतात. एखादा तारा ‘रचनेत बसत नाही’ हे मात्र कारण नाही.

आणखी एक चूक पटकन लक्षात येत नाही. फिट्स फाइलमध्ये ओळी खालून वर मोजतात, काही प्रोग्रॅम वरून खाली. चित्र उलटं होतं, आणि आरशात पाहिल्यासारखं राहतं. ते नुसतं फिरवून सरळ होत नाही, कारण डावं-उजवं बदललेलं असतं. प्रसिद्ध झालेलं चित्र शेजारी ठेवून एकदा ताडून घ्या.

वर कुठे आणि खाली कुठे

अवकाशात वर-खाली नसतं. तरी खांब ‘उभे’ आहेत, कारण चित्र तसं धरलंय. आडवं धरलं असतं तर त्यांना खांब म्हणावंसं वाटलं नसतं. उजेड वरून येतो, कडा पिवळ्या झळाळतात, पायथा अंधारात. कलेच्या इतिहासकारांनी दाखवून दिलंय की हबलची गाजलेली चित्रं एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी पश्चिमेच्या निसर्गचित्रांच्या वळणावर जातात. थॉमस मोरान हे त्यांतलं एक नाव. १८७१ च्या सरकारी पाहणीबरोबर ते यलोस्टोनला गेले, आणि त्यांच्या चित्रांनी पुढच्याच वर्षी तिथे राष्ट्रीय उद्यान व्हायला हातभार लावला. कोणी न पाहिलेली जागा लोकांच्या डोळ्यांसमोर उभी करायची, तर ओळखीच्या रचनेतून ती आत येते. हे डेटाशी खोटं वागणं नाही, पण ती निवड आहे हे पाहणाऱ्याला माहीत असलेलं बरं.

खांबांच्या १९९५ च्या त्या चित्राचा वरचा उजवा कोपरा पायरीसारखा कातरलेला आहे. हबलच्या तेव्हाच्या कॅमेऱ्यात ८०० बाय ८०० पिक्सेलच्या चार चिपा होत्या. त्यांतली एक जवळजवळ दुप्पट बारकाईने पाहत असे, म्हणून तिचा तुकडा इतरांशी जुळवताना लहान करावा लागला आणि उरलेली जागा काळी राहिली. ती भरून काढली नाही, हे चांगलं झालं. त्या पायरीमुळे पाहणाऱ्याला आठवण राहते की समोर यंत्राने मोजलेलं काहीतरी आहे.

निळा नेपच्यून

सूची सुटली की काय होतं याचं दिवाळीपेक्षा मोठं उदाहरण नेपच्यून. व्हॉयेजर २ ऑगस्ट १९८९ मध्ये त्याच्याजवळून गेलं. ढग आणि पट्टे नीट दिसावेत म्हणून त्या चित्रांचे रंग गडद केले गेले, आणि तसं त्या वेळच्या मजकुरात सांगितलंही होतं. पुस्तकं आणि पोस्टर छापताना मजकूर गळला, गडद निळा राहिला. मुलांच्या पिढ्या युरेनस फिका आणि नेपच्यून शाईसारखा निळा असं रंगवत मोठ्या झाल्या. ऑक्सफर्डचे पॅट्रिक आयर्विन आणि सहकाऱ्यांनी हबल आणि चिलीतल्या दुर्बिणीच्या वर्णपटांवरून हिशेब पुन्हा मांडला आणि जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केला: दोन्ही ग्रह जवळपास सारख्याच फिकट हिरवट निळ्या रंगाचे आहेत. नेपच्यून किंचित जास्त निळा, कारण त्याच्यावरचं धुरकट आवरण विरळ आहे.

मंगळावर उलटी चूक झाली. व्हायकिंग १ जुलै १९७६ मध्ये उतरलं आणि पहिल्या रंगीत चित्रात आकाश निळसर आलं. तीन फिल्टरचं प्रमाण बसवताना पृथ्वीच्या आकाशाची सवय आड आली. यानावरच्या रंगपट्ट्यांशी ताडल्यावर ते धुळीने तांबूस-गुलाबी असल्याचं कळलं आणि चित्र सुधारलं. आजही प्रत्येक रोव्हरवर ठरावीक रंगांच्या ठिपक्यांची छोटी चकती असते. परसिव्हिअरन्सवर त्या ठिपक्यांखाली कडीच्या आकाराची चुंबकं आहेत. मंगळाची धूळ चुंबकाकडे ओढली जाते, कडीवर साचते, आणि मधला रंग स्वच्छ राहतो.

जिथे रंगच नाही

वेब अवरक्त प्रकाश पाहते. तिच्या मुख्य कॅमेऱ्याचा पल्ला ०.६ ते ५ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर), यातला बहुतेक भाग डोळ्याला दिसत नाही. इथे रंग देणं म्हणजे गाण्याची पट्टी बदलणं. काळी चारमधलं गाणं आपल्या गळ्याला झेपत नाही म्हणून पांढरी एकमध्ये गातो. सूर खाली येतात, चाल तीच राहते. तसंच सर्वांत आखूड तरंगलांबी निळ्याकडे, सर्वांत लांब लालकडे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या वेबच्या खांबांना सहा फिल्टर वापरले होते. धुळीतून अवरक्त प्रकाश आरपार जातो, म्हणून हबलमध्ये दगडी वाटणारे खांब तिथे पारभासक दिसतात आणि मागचे तारे उघडे पडतात. ताऱ्यांची टोकं मात्र आकाशातली नव्हेत. सहा लांब टोकं षटकोनी आरशांमुळे आणि दोन आखूड टोकं दुसऱ्या आरशाच्या दांडीमुळे. हबलच्या ताऱ्यांना चारच असतात.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या रेडिओ लहरी टिपतात. तिथे तर रंगाचा प्रश्नच निघत नाही, प्रत्येक पिक्सेलला तीव्रतेचा एकच आकडा. तो दाखवायला इंद्रधनुष्याची पट्टी वापरण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. पिवळा रंग डोळ्याला एकदम उजळ वाटतो, त्यामुळे आकडा हळूहळू बदलत असतानाही तिथे कडा असल्याचा भास होतो. काळ्यापासून एकाच रंगातून पांढऱ्याकडे चढणारी पट्टी प्रामाणिक असते.

आणि चंद्रयान ३ चं ५ सप्टेंबर २०२३ चं चित्र पाहिलं असेल, विक्रम लँडरच्या कडांना लाल आणि निळसर झालर असलेलं. तिथे रंगाचा अर्थ डोळा असा आहे. प्रज्ञानच्या डाव्या कॅमेऱ्याचा फोटो लाल, उजव्याचा निळा-हिरवा. लाल-निळसर काचांचा चष्मा लावला की प्रत्येक डोळ्याला आपापला फोटो मिळतो आणि खोली दिसते.

चित्र पाठवताना

प्रसिद्ध करणाऱ्या संस्था फाइलच्या पोटात फिल्टर, रंग आणि दिशा यांची माहिती भरून ठेवतात. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की तो लहान होतो आणि पोटातली ही माहिती सहसा उडून जाते. म्हणून स्वतः जुळवलेलं चित्र पाठवताना सूची चित्रावरच, खालच्या कोपऱ्यात, कापता येणार नाही इतक्या आत छापा. अक्षरं त्या त्या रंगातच ठेवा. चार ओळी पुरतात:

एम १६, हबल, डब्ल्यूएफसी ३, २०१४.
लाल: गंधक, ६७३ नॅनोमीटर. हिरवा: हायड्रोजन, ६५७. निळा: ऑक्सिजन, ५०२.
एसिंच ताण, हिरवा कमी केलेला, ताऱ्यांचा गुलाबीपणा काढलेला.
उत्तर दिशा: बाणाकडे.